सगुणा मोर्व्हियेला आली तेव्हा

सगुणा गाडीतून उतरली ती आधी पत्र्याची पेटी, मग छत्री आणि मग स्वतः, अशी. फलाटावर घोटाभर बर्फ साचला होता. नर्सच्या काळ्या ओव्हरकोटाखाली तिनं हिरवी इरकली साडी नेसली होती आणि काठ भिजू नयेत म्हणून निऱ्या एका हातानं वर धरल्या होत्या. तिकीट तपासणारा, दुधाचे कॅन उतरवणारे दोघे आणि एक म्हातारी बाई असे चौघेजण हातातलं काम टाकून बघत राहिले.

"अंबे!" ती लांबूनच ओरडली. "हे काय गं गाव तुझं! झाडांनासुद्धा प्लास्टर घातलंय की!"

"हळू बोल. इथं स्टेशनवर कुणी ओरडत नाही."

"मग गाडी आली हे कळतं कसं?"

मी तिची पेटी उचलली आणि तशीच खाली ठेवली. "दगड भरलेत का यात?"

"बेसन आहे, तिखट आहे, आणि तुझ्यासाठी दोन लोकरीचे बनियन आहेत. बनियन घालायचेत. बघायचे नाहीत."

ही गोष्ट एकोणीसशे सदुसष्टच्या फेब्रुवारीतली. मी तेव्हा पंचवीस वर्षांची होते, आता ब्याऐंशी उलटली. काल काय खाल्लं ते सुनेला विचारावं लागतं, पण त्या तीन दिवसांतली प्रत्येक खाण्याची गोष्ट मला आठवते. कोणी काय वाढलं आणि कोणी काय नको म्हटलं, हेसुद्धा.

मोर्व्हिये हे फ्रान्सच्या पूर्व टोकाला, डोंगरातलं लहान गाव. घड्याळांचे सुटे भाग बनवणारं. तिथल्या मुलींच्या शाळेत मी इंग्रजीची सहायक म्हणून गेले होते. शिक्षिका नव्हे, सहायक. व्याकरण, धडे, परीक्षा हे सगळं मादमोआझेल व्हेर्दिये बघायच्या आणि मुलींच्या वह्या लाल शाईनं भरून टाकायच्या. माझं काम एकच. आठवड्याला बारा तास मुलींना बोलतं करायचं. सांगलीच्या कॉलेजात मी इंग्रजी शिकवत होते, पुण्याला जाऊन फ्रेंच शिकले होते, जाहिरात वाचून अर्ज केला होता आणि घरात कुणाचा विश्वास बसायच्या आत पत्र आलं होतं. कॉलेजनं वर्षाची बिनपगारी रजा दिली होती.

सगुणा लोंढे माझी मिरजेची शाळासोबतीण. सहा वर्षं आम्ही एका बाकावर बसलो. तिचे वडील दवाखान्यात ड्रायव्हर होते. ती नर्स झाली आणि मी परदेशी गेल्यावर महिन्याभरात तीही इंग्लंडमधल्या एका हॉस्पिटलात नोकरीला आली. तिथून तिचं कार्ड आलं होतं. "चार दिवस रजा मिळाली आहे. येते. जागा नसली तर जमिनीवर झोपेन. नको म्हणू नकोस, तिकीट काढलं आहे."

शाळेच्याच इमारतीत, सगळ्यात वरच्या मजल्यावर मला एक खोली दिलेली होती. तिकडे चढण चढताना सगुणा मध्येच थांबली.

"तोंड का उतरलंय तुझं?"

"थंडी आहे."

"थंडीनं नाक लाल होतं. तोंड उतरत नाही. रोज वॉर्डात तीस तोंडं बघते मी. सांग."

मग मी सांगितलं. अकरा पालकांनी मिळून मुख्याध्यापिकाबाईंना, मादाम रुसेलना, पत्र लिहिलं होतं. इंग्रजी बोलायला शिकवायचं तर इंग्लंडची मुलगी हवी, हिंदुस्थानातली कशाला? आणि पुढे लिहिलं होतं की, एवढं करूनही मुली काही बोलत नाहीतच, ही मिस तासभर एकटीच बोलते. पहिल्या वाक्याचा मला राग आला होता. दुसऱ्याचा येईना, कारण ते खरं होतं.

"मग?"

"सोमवारी दहा वाजता मादाम रुसेल माझ्या तासाला येऊन बसणार आहेत. त्या वरच्या कचेरीला अहवाल पाठवतील. वाईट गेला तर ईस्टरनंतर माझ्या जागी दुसरी कुणीतरी."

"आणि तू?"

"मी सांगलीला. तीन महिने आधी."

सगुणाला पुढचं सांगावं लागलं नाही. निरोपाच्या दिवशी माझ्या थोरल्या भावानं, दादानं, सगळ्या पाहुण्यांदेखत म्हटलं होतं, "लिहून घ्या, उन्हाळ्याच्या आत रडत परत येईल." आणि आप्पा, जे दादापुढं कधी शब्द काढत नसत, ते त्या दिवशी उठून उभे राहिले होते. "माझी मुलगी वर्ष पुरं करून येईल," एवढं म्हणून ते परत खाली बसले होते. माझी अब्रू गेली असती तर मी सोसली असती. आप्पांचं ते उठून उभं राहणं वाया जाणं मला सोसणार नव्हतं.

"सोमवारचं सोमवारी बघू," सगुणा म्हणाली. "उद्या काय आहे?"

"उद्या मादामनी आपल्या दोघींना जेवायला बोलावलंय."

"वा! म्हणजे बाई वाईट नाही."

"वाईट नाहीत. सरळ आहेत. फूटपट्टीसारख्या."

मादाम रुसेल शाळेतच पहिल्या मजल्यावर राहायच्या. एकट्या. वय पंचावन्नच्या पुढं, करडे केस मागे घट्ट बांधलेले, चालणं असं की जिन्यात पावलं ऐकून मुली आपोआप गप्प व्हायच्या. रविवारी दुपारी बाराला आम्ही त्यांच्या दारात उभ्या राहिलो. टेबलावर इस्त्री केलेली पांढरी चादर होती आणि घरभर असा वास सुटला होता की सगुणानं माझं कोपर दाबलं.

आधी सूप आलं. मादामनी ते न विचारताच सगळ्यांच्या ताटात ओतलं, त्यामुळं सगुणाला ते मिळालं. मग एक लांबट थाळा आला. साय आणि अळंबी घालून शिजवलेली कोंबडी. मी खात नसे, हे मादामना ठाऊक होतं. म्हणजे ती पाहुणीसाठीच केलेली होती. मादामनी थाळा सगुणापुढं धरला आणि फ्रेंचमध्ये विचारलं, "वाढू?"

सगुणा गोड हसली. ताटावर हात आडवा धरला. "नो, नो. थँक यू."

"काय म्हणतात त्या?" मादामनी मला विचारलं.

"नको म्हणते," मी सांगितलं.

थाळा गेला.

आता वाटतं, मला तेव्हाच कळायला हवं होतं. ताटावर असा हात आडवा धरणारी बाई मिरजेत काय म्हणत असते, हे मला कळत नव्हतं थोडंच! पण माझं सगळं लक्ष मादामच्या भुवयांकडं होतं. मी भाषेची सहायक. तिनं 'नो' म्हटलं, मी 'नको' सांगितलं. काम चोख.

मग लोण्यातले बटाटे आले. हात आडवा. "नो, नो." बटाटे गेले. चीजची मोठी चाकती आली. "नो, थँक यू." तीही गेली. शेवटी सफरचंदाचा टार्ट आला, वर साखर करपवून तपकिरी केलेली. सगुणाचा हात या वेळी जरा उशिरा आडवा झाला आणि आवाजही बारीक निघाला.

"त्यांची प्रकृती बरी नाही का?" मादामनी विचारलं.

मी सगुणाला विचारलं. ती म्हणाली, "छे गं, पोट भरलं म्हणावं, फार छान होतं सगळं." मी तेही शब्दशः सांगितलं.

मादामनी टार्टचा थाळा आत नेला. दारात निरोप देताना मात्र मला म्हणाल्या, "तुमच्या मैत्रिणीला आमचं जेवण आवडलं नाही. असू दे." मग जरा थांबून, "उद्या त्यांनाही वर्गात आणा. इंग्लंडच्या हॉस्पिटलात काम करतात, मुलींनी पाहायला हवं. दहा वाजता, मिस नादगोदा." माझं नाडगौडा हे आडनाव त्यांच्या जिभेवर असं वळायचं.

आम्ही वर खोलीत आलो. सगुणा पलंगावर बसली, कोट काढला, चपला काढल्या, आणि म्हणाली, "अंबे, काही खायला आहे का?"

"अगं, आत्ता तर जेवून आलो!"

"तू जेवलीस. मी सूप प्यायले."

मी तिच्याकडं बघत राहिले.

"एकदाच विचारलं गं बाईनं!" तिचा आवाज चढला. "एकदाच! मी आपला हात आडवा धरला, तर थाळा गेला तो गेलाच. मागं वळूनसुद्धा बघितलं नाही कोंबडीनं! आणि तू? तू शेजारी बसून काय करत होतीस?"

"मी सांगितलं, तू नको म्हणतेस म्हणून."

"मी नको म्हटलं म्हणून तू नको सांगितलंस? लाज नाही वाटली?"

मला हसू फुटलं ते आवरेना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सगुणाही हसायला लागली, पण तिच्या हसण्यात भूक होती. मी स्पिरिटचा स्टोव्ह पेटवला, तिनं आणलेलं बेसन कालवलं आणि पिठलं केलं. पाव तोडून तोडून तिनं ते खाल्लं. मी तिला दोनदा विचारलं, तिनं दोनदा नको म्हटलं, तिसऱ्यांदा मी न विचारता वाढलं, आणि तिनं निमूट खाल्लं.

"पण तुला कसं ठाऊक नाही? चार महिने झाले की तुला इंग्लंडात."

"मेसमध्ये ताट घेऊन रांगेत उभं राहायचं. तिथं कोण विचारतं? घरी कुणी बोलावलंच नाही अजून. हे पहिलंच."

"मी इथं आल्यावर दोन आठवडे अशीच उपाशी राहिले होते," मी म्हटलं. "मग शिकले. इथं 'नाही' म्हणजे नाही. एकदा विचारतात आणि तुमच्या शब्दाचा मान ठेवतात. खरं सांगू, मला आवडते ती रीत. मी आता तशीच वागते."

"मान ठेवा की. पण उपाशी ठेवून?" तिनं पावानं ताटली पुसून घेतली. "माझ्या आईनं तुला कधी एकदा विचारून सोडलंय? आठवतं? मांडी सोडून उठायचीस तर पदर धरून खाली बसवायची."

आठवत होतं. तिच्या घरची ती जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, ताटं, चुलीपाशी बसून चोरून खाल्लेली ती कालवणं. आमच्या घरी सगुणा आली की तिला किती वेळा विचारत असत आणि कुठं बसवत असत, हे तिनं काढलं नाही. मीही काढलं नाही. पिठल्याचं पातेलं मी पुन्हा तिच्याकडं सरकवलं.

सोमवारी दहाला पाच कमी असताना मादाम रुसेल वर्गात आल्या. अठ्ठावीस मुली उभ्या राहिल्या. मादाम शेवटच्या बाकावर बसल्या, वही उघडली, पेन्सिलीचं टोक तपासलं. सगुणाला मी भिंतीकडेच्या रेडिएटरजवळ बसवलं होतं. आज तिनं निळी साडी नेसली होती. मुलींच्या नजरा तिच्यावरून हलत नव्हत्या.

यापुढचं सगळं इंग्रजीत चाललं होतं, हे ध्यानात ठेवा.

"काल रविवार होता," मी म्हटलं. "काल तुम्ही काय काय केलं, काय खाल्लं, ते मला सांगा. ओदिल, तू सुरुवात कर."

ओदिल पहिल्या बाकावरची. चौदा वर्षांची, दोन वेण्या, कारखान्यातल्या मुकादमाची मुलगी. ती उभी राहिली. "नो, मिस," ती म्हणाली. "आय डोन्ट नो, मिस."

"ठीक आहे, ओदिल. थँक यू," मी म्हटलं, आणि पुढच्या मुलीकडं वळले.

"नो, मिस."

"ठीक आहे. थँक यू."

तिसरी. चौथी. माझा आवाज मलाच गोड आणि पोकळ वाटायला लागला. मागे पेन्सिल चालू झाल्याचा बारीक आवाज आला. आता मी नेहमीसारखी स्वतःच बोलायला लागणार, माझा रविवार, माझं गाव, माझ्या गावचं हवामान, आणि अकरा वाजता सगळं संपणार, हे मला लख्ख दिसलं.

पाचव्या मुलीनं तोंड उघडलं एवढ्यात भिंतीकडून आवाज आला.

"अगं, वाढ की तिला!"

मराठीत. वॉर्डाच्या या टोकाकडून त्या टोकाला हाक मारतात, तशा आवाजात.

अठ्ठावीस माना वळल्या. मागची पेन्सिल थांबली.

"सगुणे, गप!" मी दातांतून म्हटलं.

"गप काय! पहिल्या नाहीला पातेलं उचलून पुढं काय चाललीस? ती वेण्यांवाली बघ. उपाशी आहे ती. बघ की तिच्या तोंडाकडं!"

मी ओदिलकडं बघितलं. चार महिने मी तिला बघत होते, पण तिचं 'नो' झाल्यावर कधी बघितलं नव्हतं. तेव्हा मी पुढच्या बाकाकडं वळलेली असे. ती अजून उभीच होती. ओठ किंचित उघडे होते, नजर माझ्या तोंडावर होती, आणि एका हाताचा पंजा तिनं वहीवर पालथा ठेवला होता. काल टेबलावर सगुणाचा हात असाच होता.

मी परत फिरले.

"ओदिल, थोडंसं."

"नो, मिस."

"एकच शब्द. लहानसा. वाटाण्याएवढा."

कुणीतरी मागे खुदकन हसलं. ओदिलचे कान लाल झाले. "सूप," ती म्हणाली.

"सूप! वा! पण नुसतं सूप? नुसत्या सूपवर कुणी पानावरून उठतं का?"

"अँड... रॅबिट."

"ससा! कुणी केला?"

"माझ्या आजीनं."

"मग आता आजीच्या नावानं एक अख्खं वाक्य हवं. नाहीतर आजीला वाईट वाटेल."

"नो, मिस," ओदिल म्हणाली. पण आता ती हसत होती. मी हलले नाही. तिच्या बाकापुढं तशीच उभी राहिले, हातात वाढायचा डाव धरून उभं राहावं तशी. आणि ओदिलनं श्वास घेतला आणि म्हणाली, "माझी आजी सशात फार मोहरी घालते, आणि आम्ही सगळे जेवताना रडतो, पण आजीला कुणी सांगत नाही, कारण ती म्हणते, बघा, माझं जेवण इतकं छान की यांच्या डोळ्यांत पाणी येतं."

वर्ग हसला. तिच्या इंग्रजीला नव्हे, आजीला. ओदिल खाली बसली आणि दोन्ही हात तोंडावर दाबून माझ्याकडं बघत राहिली. आपल्या तोंडून हे निघालं यावर तिचा विश्वास बसत नव्हता.

मग मला काय झालं कोण जाणे. मी टेबलावर टेकले आणि मुलींना सांगायला लागले की आमच्या देशात जेवताना पहिल्यांदा विचारलं की नको म्हणायचं असतं. दुसऱ्यांदाही नको. हो लगेच म्हटलं तर हावरट दिसतो. आणि घरच्या बाईनं ते नको ऐकायचं नसतं. आणि माझी एक मैत्रीण कालच एका घरी जेवायला गेली, तिथं तिनं कोंबडीला नको म्हटलं, बटाट्यांना नको म्हटलं, टार्टलासुद्धा नको म्हटलं, आणि सगळं तिच्या नाकासमोरून परत गेलं, आणि बिचारी सूप पिऊन घरी आली.

मुली सगुणाकडं बघून लोटपोट हसायला लागल्या. सगुणानं उठून पोटावर हात फिरवून दाखवला. शेवटच्या बाकावर कोण बसलंय हे मी विसरले होते. खरंच विसरले होते.

"तर आजपासून या वर्गात आमची रीत," मी म्हटलं. "दोनदा नाही म्हणायची सगळ्यांना मुभा. तिसऱ्यांदा वाढणार."

मग जे झालं त्याला वर्ग म्हणत नाहीत. ती पंगत होती. मी बाकांमधून फिरत होते आणि मुली मुद्दाम वह्यांवर हात आडवे धरत होत्या. "नो, मिस!" "थोडंसं!" "नो, नो, मिस!" "अर्धंच!" आणि तिसऱ्याला वाक्य यायचं. कुणाचा भाऊ घसरगाडीवरून घसरत जाऊन पाद्रीबाबांच्या पायांत पडला होता. कुणाच्या आईनं केस कापून आणले होते आणि मुलीला ते मेंढीसारखे वाटत होते, यावर तिनं तीन वाक्यं सांगितली आणि शेजारणीनं चौथं जोडलं. चुका ढीगभर होत्या. क्रियापदं कुठल्या कुठं पडत होती. पण ज्यांचा आवाज मी चार महिन्यांत ऐकला नव्हता त्या मुली हात वर करून मला बोलावत होत्या, मिस, इकडं, मिस, मला अजून वाढलं नाही! खिडकीजवळची एक मुलगी तिसऱ्यांदा 'नो' म्हणाली तेव्हा तिचे डोळे भरून आले. तिला मी सोडलं. सगुणाची आई कुठं थांबायची तेही मी पाहिलेलं होतं.

घंटा झाली. एकही मुलगी उठली नाही.

उठल्या त्या मादाम रुसेल. बाक सरकल्याचा आवाज झाला आणि वर्ग जागच्या जागी गोठला. मलाही तेव्हाच सगळं आठवलं. कोंबडी कुणाची, टार्ट कुणाचा, आणि ते मी कुणासमोर सांगितलं.

मादाम दोन बाकांमधून सरळ चालत आल्या. त्या माझ्याकडं आल्या नाहीत. सगुणासमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्या गणिताच्या. इंग्रजी त्यांना समजायचं, पण शाळेत कुणी कधी त्यांच्या तोंडून इंग्रजीचा एक शब्द ऐकला नव्हता. चुकायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"येस्टरडे," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "द चिकन. यू... वाँट?"

सगुणा सावधानमध्ये उभी राहिली. "येस, मॅडम. व्हेरी मच, मॅडम."

"अँड द टार्ट?"

"टू पीसेस, मॅडम."

मादाम रुसेलच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला. तो हसण्याचा होता हे आम्हाला जरा उशिरा कळलं, कारण तोही कुणी ऐकलेला नव्हता. मग मात्र अख्खा वर्ग हसला आणि मादामनी त्याला थांबवलं नाही. त्यांनी सगुणाचा हात हातात घेतला आणि फ्रेंचमध्ये मला म्हणाल्या, "यांना सांगा, आज संध्याकाळी सात वाजता. आणि आज मी ऐकणार नाही."

मी सांगितलं. या वेळी भाषांतर बरोबर झालं.

मग त्यांनी वही मिटली आणि चेहरा पुन्हा सरळ केला. "अहवाल मी आज दुपारी लिहीन, मिस नादगोदा," असं म्हणून त्या दाराकडं निघाल्या. विचारायचं धाडस मला कधीच झालं नसतं.

विचारलं ओदिलनं. ती उभी राहिली आणि मोठ्यानं, इंग्रजीत म्हणाली, "मादाम! तुम्ही काय लिहिणार?"

मादाम वळल्या. "नॉन, ओदिल," त्यांनी फ्रेंचमध्ये सुनावलं.

"वन!" मागून कुणीतरी म्हणालं.

मादामनी त्या दिशेला बघितलं. त्या नजरेनं एरवी सगळी शाळा गप्प झाली असती. "नॉन. हा मुलींनी विचारायचा प्रश्न नाही."

"टू!" आता सगळा वर्ग ओरडला.

ओदिल बाकाबाहेर आली. ती सरळ मादामच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "थोडंसं, मादाम. एकच वाक्य. तुमच्या आजीच्या नावानं."

मादाम रुसेलनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा भिंतीकडं उभ्या असलेल्या सगुणाकडं. मग त्यांनी जॅकेटचं खालचं टोक ओढून नीट केलं, टाचा जुळवल्या, धडा म्हणून दाखवायला मुली फळ्यापुढं उभ्या राहतात तशा उभ्या राहिल्या, आणि एकेक शब्द जागेवर ठेवत म्हणाल्या,

"आय राइट... मिस नादगोदा, शी स्टे. शी स्टे टू जून."

मुलींनी बाकं बडवायला सुरुवात केली. शेजारच्या वर्गाचं दार उघडलं, जिन्यात पावलं वाजली, मादमोआझेल व्हेर्दिये हातात लाल पेन तसंच धरून दारात येऊन उभ्या राहिल्या आणि काय झालं, काय झालं, म्हणून विचारायला लागल्या. कुणी सांगितलं नाही. मादाम रुसेलनी मान वर करून तेच वाक्य पुन्हा एकदा, न विचारता, आणखी मोठ्यानं म्हणून दाखवलं.